पेसमेकरनंतर पोटात उडणारा ठोका आणि सोमवारची खिचडी

पेसमेकर बसवून झालाय, जखम भरलीय, रिपोर्ट चांगले आहेत, पण डाव्या बरगडीखाली मधूनच उचकीसारखं काहीतरी उडतं. दवाखान्यात गेलं की नेमकं उडत नाही, घरी आलं की दोन दिवसांनी पुन्हा सुरू. तुमचंही असंच होत असेल तर हे तुमच्यासाठी. माझं पाच महिने चाललं होतं.

मी इंदूरचा, राजेंद्र नगरात राहतो. टेलिफोन खात्यात ३४ वर्षं लाइनचे फॉल्ट काढले. त्यातला सगळ्यात छळणारा फॉल्ट म्हणजे येऊन-जाऊन येणारा. ग्राहक तक्रार नोंदवतो, आपण टेस्ट फोन खांद्याला लावून जातो, तर डायल टोन खणखणीत. ग्राहक ओशाळतो, आपण चहा पिऊन निघतो, आणि आपली सायकल कोपऱ्यावर वळली की लाइन डेड. आता त्या ओशाळलेल्या ग्राहकाच्या जागी मी होतो. डॉक्टरांच्या खोलीत शर्ट वर करून पडलोय आणि पोट अगदी गुमान.

पुढे जाण्याआधी एक सांगतो, कारण काही तक्रारी कागदावर टिपत बसायच्या नसतात. चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधार झाला, शुद्ध हरपली किंवा पेसमेकर बसवण्याआधी व्हायचं तसंच पुन्हा व्हायला लागलं, तर तार हलली असू शकते; त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत उचकी थांबतच नाही आणि सोबत छातीत दुखतंय, धाप लागतेय, तर थेट इमर्जन्सी. तारेचं टोक हृदयाच्या भिंतीतून आरपार गेलं की असं होऊ शकतं. मशीनच्या जागी लाली, गरमपणा, सूज, पाझर किंवा तिथली कातडी पातळ होऊन चकाकायला लागली, तर तेही थांबण्यातलं नाही. आणि तिथे साचलेलं पाणी जवळच्या कुणा डॉक्टरने सुईने काढतो म्हटलं तर नको म्हणा, कारण सुईबरोबर जंतू आत जातात. हे मला मशीन बसवणाऱ्या डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

आता माझं. गेल्या वर्षी दिवाळीनंतर नाडी ३४ वर आली. वरच्या कप्प्यातून निघालेला इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नव्हता. याला एव्ही ब्लॉक म्हणतात. डाव्या कॉलरबोनखाली कातडीच्या आत डबी बसली, आणि तिच्यातून शिरेवाटे दोन तारा हृदयात गेल्या, एक उजव्या वरच्या कप्प्यात, एक उजव्या खालच्या. मला ते ऐकून बरंच वाटलं. एक्स्चेंज, तारांची जोडी, सबस्क्राइबर, सगळं ओळखीचं.

पहिल्या महिन्यातच डाव्या कुशीवर वळलं की पोट उडायचं. एका लयीत, मिनिटाला साठ-पासष्ट वेळा, उताणं झालं की बंद. हा फॉल्ट सोपा होता. नवी तार जिथे टोचलेली असते तिथे सुरुवातीला सूज येते आणि हृदयाला ठोका द्यायला जास्त जोर लागू शकतो, म्हणून पहिले दोन-तीन महिने मशीनचं आउटपुट मुद्दाम चढं ठेवतात. माझं साडेतीन व्होल्टवर होतं. एवढ्या जोराने सोडलेला करंट हृदयापुरता राहिला नाही, तर खाली श्वासपटलापर्यंत (छाती आणि पोट यांच्या मधला श्वासाचा स्नायू) पोचतो, किंवा हृदयाच्या आवरणावरून खाली उतरणाऱ्या फ्रेनिक नसेला लागतो. ती नस श्वासपटल हलवते. आमच्या भाषेत क्रॉस टॉक. एका जोडीवरचं बोलणं शेजारच्या जोडीवर ऐकू येतं, तसं हृदयाला दिलेला हुकूम श्वासपटल ऐकतं. मशीन बसवताना टेबलावरच दहा व्होल्टपर्यंत चढवून असं होतंय का ते बघतात म्हणे. पण तेव्हा माणूस उताणा असतो. कुशीवर वळलं की हृदय थोडं सरकतं.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. हृदय ०.८ व्होल्टला ठोका घेत होतं (याला थ्रेशोल्ड म्हणायचं), म्हणून मशीन ऑटोवर टाकलं. ऑटो म्हणजे मशीन स्वतःच थ्रेशोल्ड मोजणार आणि त्याच्यापेक्षा थोडंसं वर राहणार. बॅटरीही वाचते. डाव्या कुशीवरचं उडणं त्याच दिवशी बंद. मी खूश.

मग तो सोमवार आला.

सोमवारी मी उपास करतो, म्हणजे हिच्या हातची साबुदाण्याची खिचडी दोन वेळा खातो. रात्री अकराच्या सुमाराला कुशीवर पडलो आणि पोट उडायला लागलं. अर्धा-पाऊण मिनिट, मग गप्प. पुढच्या सोमवारीही तेच. तिसऱ्या सोमवारी हिने निकाल दिला: साबुदाणा वातूळ, या वयात झेपत नाही. खिचडी बंद झाली, राजगिऱ्याचे लाडू आले. चौथ्या सोमवारी लाडवांवरही पोट उडलं.

दवाखान्यात दोन खेपा झाल्या. ईसीजी नॉर्मल, मशीनची तपासणी नॉर्मल. "गॅसेस असतील, टेन्शन घेऊ नका." माझा राग डॉक्टरांवर नाही, फॉल्ट समोर आल्याशिवाय तेही काय काढणार. पण गॅस घड्याळ बघून येत नाही एवढं मला कळत होतं.

मग मी खात्यात करायचो तेच केलं, तक्रारीचं डॉकेट उघडलं. विजेच्या बिलाच्या पाठीवर चार रकाने आखले: वार आणि वेळ, किती सेकंद, कसा पडलो किंवा बसलो होतो, मनगटाची नाडी किती. काय खाल्लं हा पाचवा रकाना हिने जोडला. वेळ घड्याळात बघूनच लिहायची, "रात्री कधीतरी" चालणार नाही असं स्वतःला बजावलं. दोन आठवड्यांत आठ नोंदी झाल्या आणि त्या अशा पडल्या: गुरुवारी दुपारी २:१०, वामकुक्षीच्या वेळी. रविवारी पहाटे ५:१०. सोमवारी मध्यरात्रीनंतर २:१०, जाग आली. त्याच सोमवारी रात्री ११:१०. पुढच्या आठवड्यात पुन्हा गुरुवार दुपार, रविवार पहाट, सोमवारी दोनदा. दोन-चार मिनिटं इकडेतिकडे.

जेवणाचा रकाना निरुपयोगी ठरला. पण पडण्याचा रकाना बघा, आठही नोंदींत डावी कूस. वामकुक्षी तर नावातच डावी. मग मधली अंतरं काढली. गुरुवार दुपार ते रविवार पहाट ६३ तास. तिथून सोमवार मध्यरात्र २१ तास. तिथून सोमवार रात्र पुन्हा २१. तिथून गुरुवार ६३. सगळ्यांना २१ ने भाग जातो. आठ वेळा २१ म्हणजे १६८, आणि १६८ तास म्हणजे बरोबर एक आठवडा. म्हणजे ही गोष्ट दर २१ तासांनी होत होती. आठवड्यातून आठ वेळा, पण त्यातल्या चार वेळा मी उभा किंवा बसलेला असायचो आणि काही जाणवत नसे. आठव्या फेरीला ती परत सोमवारी रात्री अकराला येऊन उभी राहायची, आणि बिचाऱ्या खिचडीवर आळ.

मी तो कागद घेऊन गेलो. इथे एक व्यवहाराची गोष्ट. पेसमेकर तपासायचं यंत्र, ज्याला प्रोग्रामर म्हणतात, ते ज्या कंपनीचं तिच्याच मशीनशी बोलतं. दुसऱ्या कंपनीचा प्रोग्रामर उपयोगाचा नाही. त्यामुळे मशीनबरोबर मिळालेलं कार्ड, ज्यावर कंपनी, मॉडेल, तारांचे नंबर आणि बसवल्याची तारीख असते, ते खिशात हवंच. बऱ्याच ठिकाणी कंपनीचा माणूस ठरलेल्या दिवशीच येतो; तेव्हा आधी फोन करून कार्डावरचं नाव वाचून दाखवा, म्हणजे फेरी वाया जात नाही. आणि उडणं डोळ्यांना दिसत असेल तर मोबाईलवर पोटाचा व्हिडिओ काढून ठेवा. माझ्या नातीने रविवारी पहाटे गजर लावून उठून काढला होता.

कंपनीकडून आलेला मुलगा पंचविशीचा असेल. छातीवर माउसएवढी डबी ठेवली, पडदा पाहिला आणि म्हणाला, "सब नॉर्मल है अंकल." मी बिलाची पाठ पुढे केली. त्याने आधी व्हिडिओ पाहिला, मग कागद, मग पुन्हा कागद. "अंकल, ये इक्कीस-इक्कीस आपने निकाला?" म्हटलं, हो. तो हसायलाच लागला. माझ्या मशीनमध्ये थ्रेशोल्डची आपोआप चाचणी दर २१ तासांनी होते. चाचणी साडेतीन व्होल्टपासून सुरू होते आणि पायरी-पायरीने खाली येते; एखादा ठोका चुकला तर मागोमाग राखीव ठोका देते, म्हणून हृदय थांबत नाही. रोजच्या कामाला मशीन सव्वा व्होल्ट वापरत होतं, तेव्हा श्वासपटलाला काही लागत नव्हतं. पण दर २१ तासांनी पाऊण मिनिट ते त्याच जुन्या साडेतीनवर चढत होतं. जुना फॉल्ट मेला नव्हता, ड्यूटीची वेळ बदलून आला होता.

हे सगळ्या मशीनना लागू नाही. काही मशीनची चाचणी रोज रात्री ठरलेल्या वेळी होते, काहींची दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा. म्हणून तुमच्या कागदावर रोज रात्रीची तीच वेळ निघाली किंवा दर काही तासांचा पाढा निघाला, तर पहिला संशय चाचणीवर घ्या. उडणं पाढ्यात बसत नाही, पण कुशीवर वळलं की दर वेळी येतं, तर आउटपुटच चढं असण्याची शक्यता जास्त.

मग त्याने मला डाव्या कुशीवर वळवलं, खोल श्वास घ्यायला सांगितला आणि व्होल्ट चढवत गेला. दोनला काही नाही. अडीचला काही नाही. तीनला मला आतून टिचकी बसली. साडेतीनला माझ्या शर्टाचं खालून दुसरं बटण दर ठोक्याला उडत होतं, आणि दारात उभी असलेली ही ते बघून म्हणाली, "अगं बाई, हेच!" पाच महिन्यांनी पहिल्यांदा फॉल्ट ग्राहकासमोर आणि लाइनमनसमोर एकाच वेळी हजर होता.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी आपोआप चाचणी बंद केली आणि आउटपुट दोन व्होल्टवर पक्कं केलं: ०.८ च्या दुपटीहून जास्त, म्हणजे हृदयाच्या बाजूने सुरक्षित, आणि तीनच्या बरंच खाली, म्हणजे पोटाच्या बाजूने शांत. किंमत काय? बॅटरी जराशी लवकर संपेल, आणि थ्रेशोल्डवर मशीनचा स्वतःचा पहारा राहिला नाही, म्हणून सहा महिन्यांची तपासणी चुकवायची नाही. ना चिरफाड, ना गोळी, सगळं मिळून वीस मिनिटं.

प्रत्येकाचं इतक्यात भागतंच असं नाही. ठोका हृदयाला आणि श्वासपटलाला जवळजवळ सारख्याच व्होल्टला लागत असेल, तर मधे जागाच उरत नाही. मग पल्सची रुंदी, म्हणजे दर ठोक्याला करंट किती वेळ सोडायचा ते, बदलून बघतात. तीन तारांचं मशीन असेल, ज्यात एक तार डाव्या कप्प्याच्या बाहेरून शिरेत जाते, तर हा त्रास जास्त होतो, कारण फ्रेनिक नस तिथून अगदी शेजारून जाते. पण हल्लीच्या त्या तारेला चार टोकं असतात आणि कुठल्या दोन टोकांमधून करंट सोडायचा ते बाहेरूनच बदलता येतं. हे सगळं करूनही नाहीच जमलं, तरच तार हलवण्याचा विषय.

पोट नाही, डबीच्या आसपासचा छातीचा स्नायू फडफडतोय? मग वेगळा विचार. मशीन युनिपोलर सेटिंगवर असेल तर करंटचं दुसरं टोक ही डबीच असते आणि शेजारचा स्नायू त्यात सापडतो. बायपोलर केलं, म्हणजे करंटची दोन्ही टोकं तारेतच ठेवली, की सहसा थांबतं. पण तारेचं आवरण फाटलं असेल तरी असंच होतं, म्हणून हे दाखवायचंच. आणि डबी बोटांनी चाळवायची, फिरवायची सवय असेल तर आजच सोडा. तशी डबी गोल फिरते, तार तिच्याभोवती गुंडाळली जाते आणि आतलं टोक ओढलं जाऊन सुटतं. या प्रकाराला ट्विडलर सिंड्रोम असं नावही आहे, १९६८ पासून.

एका जाणिवेचा मशीनशी काही संबंध नसतो, पण सगळ्यात जास्त घाबरवते तीच. छातीत एकदम धस्स होतं, एक ठोका गाळल्यासारखा वाटतो आणि पुढचा जोरात बसतो. बीपीचं मशीन लावलं तर नाडी ४२ दाखवते, आणि पेसमेकर तर ६० वर लावलेला! माझ्या साडूंनी या ४२ पायी रात्री दोन वाजता मला उठवलं होतं. होतं असं, की हृदय मधेच एक आगाऊ ठोका मारतं. कप्पा भरलेला नसतो, म्हणून ती लाट मनगटापर्यंत पोचत नाही आणि बीपीचं यंत्र तो ठोका मोजतच नाही. पेसमेकर मात्र तो ऐकतो आणि आपलं घड्याळ तिथून पुन्हा सुरू करतो. दर दुसरा ठोका आगाऊ असेल तर बाहेरून नाडी जवळजवळ निम्मी दिसते. ईसीजीवर किंवा २४ तास ईसीजी टिपणाऱ्या होल्टरवर हे लगेच उघडं पडतं. चक्कर नसेल तर सकाळपर्यंत थांबता येतं. साडू थांबले नाहीत ते सोडा.

ज्यांना शॉक देणारं मशीन आहे, म्हणजे आयसीडी, त्यांची गोष्ट निराळी. आमच्या गल्लीतल्या एका भावोजींच्या घरी रोज सकाळी त्याच वेळेला बारीक सूर वाजायचा. त्यांनी आधी मुलाचा मोबाईल, मग गॅसचा अलार्म, मग माळ्यावरचं जुनं घड्याळ धुंडाळलं. सूर त्यांच्या छातीतून येत होता. काही आयसीडी बॅटरी उतरली किंवा तारेत बिघाड दिसला की ठरलेल्या वेळी वाजतात, काही थरथरतात. असा सूर आला तर लगेच फोन करून त्याच दिवशी मशीन वाचून घ्यायचं. शॉकचा हिशोब त्यांना असा सांगितला होता: एक शॉक बसला आणि नंतर बरं वाटतंय तर त्याच दिवशी फोन करून तपासणी, दोन किंवा जास्त बसले, किंवा एकाच शॉकनंतर छातीत दुखतंय, घाबरं होतंय, तर १०८. शेजारी हात धरून बसलेल्याला फार तर झिणझिणी येते, म्हणून हात सोडू नका. काहींना झोपेत शॉक बसल्यासारखा वाटतो आणि मशीनमध्ये नोंदच नसते. त्याला फँटम शॉक म्हणतात. तो माणूस खोटं बोलत नसतो. पण बसला की नाही ते मशीन वाचूनच कळतं.

घरातल्या गोष्टींपैकी मला खरी काळजी अर्थिंगची वाटते, पण ते माझ्या धंद्यामुळे असेल. जुन्या घरांत गीझर आणि वॉशिंग मशीनचं अर्थिंग नुसतं प्लगच्या पितळेपुरतं असतं. ओल्या हाताला मुंग्या येत असतील तर तो गळणारा करंट पेसमेकरच्या तारांनाही ऐकू जातो आणि पेसमेकर त्याला हृदयाचे ठोके समजू शकतो. इलेक्ट्रिशियन बोलावून तपासून घ्या. मोबाईल डाव्या खिशात ठेवायचा नाही, मशीनपासून पंधरा सेंटिमीटर दूर. पाठीला चुंबक लावलेले फोन तर नक्कीच दूर. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट. हिने इंडक्शन माळ्यावर टाकली, मी तेवढं करायला सांगितलं नव्हतं.

माझा एक प्रश्न मात्र अजून बाकी आहे, स्कूटर. राजवाड्याकडे जाताना जिथे रस्ता उखडलेला आहे तिथे सीटवर बसल्या-बसल्या नाडी १०५ होते आणि कानशिलं थडथडतात. मशीनमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर आहे. शरीर हादरलं की त्याला वाटतं हा माणूस चालतोय, आणि तो ठोके वाढवतो. गंमत म्हणजे दम लागतो जिने चढताना, पण हादरे जास्त बसतात उतरताना, त्यामुळे सेन्सर उतरतानाच जास्त खूश होतो. तो मुलगा म्हणाला, सेन्सरचा उतार, म्हणजे हालचालीला नाडी किती वाढवायची ते, कमी करून देतो, पण मग सकाळी फिरायला जाताना नाडी वाढायला वेळ लागेल आणि पाय जड वाटतील. एक पायरी कमी करून घेतलीय. दोन आठवडे दोन्ही टिपतोय, स्कूटरवरची नाडी आणि फिरण्यातली. या वेळचा कागद पाण्याच्या बिलाचा आहे.

सोमवारी रात्री ११:१० ला डाव्या कुशीवर पडून, पोटावर हात ठेवून वाट बघितली. ११:३० पर्यंत. ही म्हणाली, "झालं ना समाधान? आता दिवा घालवा." पुढच्या सोमवारी खिचडी परत आली, दाण्याचं कूट जरा जास्तच घातलेली.